जागेची वाटणी : न्यायालयाचा सर्व्हर आणि डिस्कवरील कप्पे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भारतातील राज्यांची पुनर्रचना झाली आणि मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूर येथे आले. त्याचे पूर्वरूप म्हणजे नागपूरचे उच्च न्यायालय. २ जानेवारी १९३६ च्या सनदेने ते स्थापन झाले होते. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्याकडे गेले, उरलेला प्रदेश नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूरचे मुख्य न्यायाधीश एम. हिदायतुल्ला हे जबलपूरच्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. प्रदेशाची वाटणी झाली की दप्तराचा प्रश्नही उभा राहतो. कोणत्या प्रकरणाचे कागद कोठे राहावयाचे, नव्या कागदांसाठी किती खोल्या मोकळ्या ठेवावयाच्या आणि कोणते कागद किती वर्षे सांभाळावयाचे, हे ठरवावेच लागते.

योगायोग असा की, त्याच वर्षी, १९५६ च्या सप्टेंबरात, अमेरिकेतील आय.बी.एम. या कंपनीने हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक जाहीर केला. एका आसावर फिरणाऱ्या, सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० तबकड्या त्याच्या डिस्कमध्ये होत्या. कपाटाएवढ्या त्या यंत्रात सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. टंकलिखित पानावर दोन हजार अक्षरे धरली, तर ही पाने अवघी अडीच हजार होतात. मोठ्या दिवाणी अपिलाचे काही बस्ते तेवढ्यात भरतील. आज बोटभर लांबीच्या साधनात त्याच्या कित्येक हजार पट मजकूर मावतो. तथापि जागा पुरत नाही ही तक्रार कायम आहे, कारण जागा वाढली तसतसा तिच्यात ठेवावयाचा मालही वाढत गेला.

भारतातील न्यायालयांत संगणक आणण्याचे काम ई-न्यायालय प्रकल्पातून २००७ पासून सुरू झाले. देशभरातील जिल्हा न्यायालयांत आणि तालुका न्यायालयांत प्रकरणांची नोंद ज्या प्रणालीत होते, ती ‘केस इन्फर्मेशन सिस्टिम’ राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेत तयार झाली. जबलपूरच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला की त्याला मिळणारा सोळा अक्षरांकांचा ओळखक्रमांक, त्याची पुढची तारीख आणि त्यावरील आदेश ही सारी माहिती या प्रणालीत नोंदली जाते. प्रणालीचा पाया मुक्त सॉफ्टवेअरचा आहे. प्रकल्पासाठी उबंटू लिनक्स या कार्यप्रणालीची खास आवृत्तीही करून घेण्यात आली होती. प्रकल्पाचा तिसरा टप्पा २०२३ च्या सप्टेंबरात मंजूर झाला. त्याच्या ७,२१० कोटी रुपयांपैकी २,०३८ कोटींहून अधिक रक्कम केवळ जुन्या आणि नव्या कागदपत्रांचे स्कॅनिंग करून ते जतन करण्यासाठी आहे. म्हणजे १९५६ मध्ये खोल्यांविषयी पडलेला प्रश्न आता डिस्कविषयी पडला आहे.

प्रथम एका पानाला किती जागा लागते ते पाहू. ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात टिपले, तर आडवे २,४८० आणि उभे ३,५०८ असे सुमारे ८७ लक्ष बिंदू होतात. बिंदू काळा की पांढरा एवढेच नोंदले, तर आठ बिंदूंना एक बाइट पुरतो आणि पानाला सुमारे ११ लक्ष बाइट लागतात. राखाडी छटा टिपल्या तर ८७ लक्ष, आणि रंग टिपले तर दोन कोटी साठ लक्ष. पानाचा बहुतेक भाग कोरा असल्यामुळे संक्षेपाच्या पद्धतींनी हे आकडे पुष्कळ खाली आणता येतात. स्वच्छ टंकलिखित पान काळ्या-पांढऱ्यात साधारण पन्नास हजार बाइटांत बसते. रंगीत पानाला त्याच्या दहापट धरावे.

आता केवळ उदाहरणासाठी असे समजू की, एका न्यायालयाला एक लक्ष प्रकरणे टिपावयाची आहेत आणि प्रत्येकात सरासरी ४० पाने आहेत. ४० लक्ष पानांना काळ्या-पांढऱ्यात २०० गिगाबाइट लागतील, तर रंगीत केल्यास दोन टेराबाइट. स्कॅनरवरील एका बटणाने दहापट फरक पडतो. हा निर्णय बहुधा स्कॅनर चालविणारा कर्मचारी घेतो आणि त्याचे परिणाम सर्व्हर सांभाळणाऱ्याला भोगावे लागतात, ही व्यवस्था काही शहाणपणाची म्हणता येणार नाही. रंग नेहमीच अनावश्यक असतो, असे मात्र नाही. फिकट पडलेली शाई, अंगठ्याचा ठसा, मुद्रांकावरील शिक्का यांच्या बाबतीत रंग हाच पुरावा ठरू शकतो.

एवढा मजकूर ज्या डिस्कवर ठेवावयाचा ती कारखान्यातून येते तेव्हा सलग असते. तिच्यावर केवळ क्रमांक घातलेल्या लहान खणांची रांग असते. अशा खणाला सेक्टर म्हणतात. त्याचा परंपरागत आकार ५१२ बाइट असून अलीकडच्या डिस्कवर तो ४,०९६ बाइटांचा असतो. या रांगेचे तुकडे पाडून, अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतचा भाग एका कामाला आणि पुढचा दुसऱ्या कामाला, अशी जी वाटणी करतात, तिच्यातील प्रत्येक भागाला पार्टिशन किंवा कप्पा म्हणतात. कप्प्यांमध्ये खरी भिंत नसते. डिस्कच्या आरंभी एक लहानसा तक्ता लिहिलेला असतो आणि संगणक तो तक्ता मानतो, एवढेच. शेतांची हद्द जशी बांधापेक्षा सातबाऱ्यावर अधिक अवलंबून असते, तसाच हा प्रकार आहे.

वैयक्तिक संगणकांवर हा तक्ता १९८३ मध्ये आला. पहिल्याच सेक्टरातील ६४ बाइटांत तो बसविलेला होता. प्रत्येक कप्प्याला १६ बाइट, म्हणून मुख्य कप्पे चारच. सेक्टरचा क्रमांक लिहिण्यास ३२ द्विमान अंक ठेवले होते. त्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरांनी मोजल्यास सुमारे २.२ टेराबाइटच्या पलीकडची जागा या तक्त्याला दाखविताच येत नाही. त्या काळी दहा मेगाबाइटची डिस्क मोठी गणली जाई. तेव्हा ही मर्यादा कधी आड येईल असे कोणास वाटले नसावे. वरच्या उदाहरणातील रंगीत पाने दोन टेराबाइट भरतात हे लक्षात घेतले, म्हणजे ती आज किती जवळ आली आहे ते कळते. जी.पी.टी. नावाच्या नव्या पद्धतीत क्रमांकासाठी ६४ अंक असतात, साधारणपणे १२८ कप्प्यांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवली जाते. नव्या सर्व्हरवर जुना तक्ता वापरण्याचे काही कारण उरलेले नाही.

परंतु वाटणी करावयाचीच कशाला? सगळी जागा एकच ठेवली, तर ज्याला जेवढी लागेल तेवढी तो घेईल, हा विचार वरवर पटण्यासारखा आहे, आणि घरच्या संगणकावर तो चालतोही. सर्व्हरवर चालत नाही. कारण तेथे अनेक कामे एकाच वेळी लिहीत असतात आणि त्यांपैकी काहींना थांबणे ठाऊक नसते.

लिनक्समध्ये सर्व फायली एकाच वृक्षात मांडलेल्या असतात. त्याच्या मुळाला रूट म्हणतात. ‘बूट’ शाखेत यंत्र सुरू करण्याचे साहित्य असते, ‘होम’मध्ये वापरणाऱ्यांच्या फायली, ‘टेम्प’मध्ये तात्पुरते कागद आणि ‘व्हार’मध्ये सतत बदलणारे सारे काही: लॉग म्हणजे घडामोडींच्या नोंदवह्या, छपाईच्या रांगा आणि बहुधा डेटाबेसही. कोणतीही शाखा स्वतंत्र कप्प्यावर ठेवून वृक्षाला जोडता येते. या जोडणीला माउंट करणे म्हणतात. वापरणाऱ्याला सांधा दिसत नाही. एखाद्या सेवेत बिघाड होऊन ती सेकंदाला शेकडो वेळा तीच तक्रार लॉगमध्ये लिहू लागली, तर लॉगचा कप्पा भरेल, पण डेटाबेसचा कप्पा सुरक्षित राहील. जहाजाच्या तळातील आडव्या भिंतींचे काम हेच असते. एका दालनात पाणी शिरले तरी जहाज तरंगत राहते.

जागा संपली म्हणजे नेमके काय होते, हे येथे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचे उदाहरण घेऊ. त्याची लिहिण्याची रीत मराठी पेढीवरील कीर्द-खतावणीशी जुळणारी आहे. प्रत्येक बदल तो आधी कीर्दीत, म्हणजे पूर्वनोंदीच्या फायलींत, क्रमाने लिहितो आणि मग सवडीने खतावणीत, म्हणजे मुख्य तक्त्यांत, उतरवितो. मध्येच वीज गेली तरी कीर्द वाचून खतावणी पुरी करता येते. खतावणीचा कप्पा भरला तर नवी नोंद नाकारली जाते. हे त्रासदायक असले तरी आधीचा मजकूर शाबूत राहतो. कीर्दीचा कप्पा भरला, तर मात्र डेटाबेस स्वतःला बंद करून घेतो. कारण कीर्दीत न लिहिता व्यवहार करणे त्याच्या नियमांत बसत नाही. अशा वेळी गोंधळलेला व्यवस्थापक कीर्दीच्या जुन्या दिसणाऱ्या फायली हाताने पुसून टाकतो. याहून मोठी चूक या क्षेत्रात क्वचितच असेल. त्या फायलींवाचून डेटाबेस पुन्हा सुरू होऊ शकेलच, याची शाश्वती राहत नाही. कीर्द का फुगली ते प्रथम पाहावयास हवे. बहुतेक वेळा तिच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी पाठविण्याचे काम कोठेतरी अडलेले असते, आणि पोहोच मिळेपर्यंत डेटाबेस मूळ फायली सोडीत नाही.

आणखी एक पेच आहे. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली, समजा प्रकरणाची पुढची तारीख पडली, तर जुनी नोंद लगेच पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी लिहिली जाते आणि जुनी मृत म्हणून राहते. भारतीय न्यायालयांत तारखा किती वेळा पडतात हे सांगावयास नको. अशा मृत नोंदी झाडण्याची सोय असते, पण साध्या झाडणीने ती जागा त्याच तक्त्यात पुन्हा वापरण्यायोग्य होते, कप्प्याला सहसा परत मिळत नाही. ती परत मिळविण्यासाठी संपूर्ण तक्ता नव्याने लिहावा लागतो, आणि तो लिहून होईपर्यंत जुना व नवा असे दोन्ही जागा अडवितात. जागा मोकळी करण्यासाठीच जागा लागते, म्हणून कप्पा काठोकाठ भरल्यावर हा उपाय सुचून उपयोग नसतो.

न्यायालयात अशा बंद पडण्याचा अर्थ काय होतो? मुदत अधिनियम, १९६३ च्या चौथ्या कलमाप्रमाणे, मुदतीच्या अखेरच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी दावा किंवा अपील दाखल करता येते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दाराला लागलेले कुलूप होते. दार उघडे आहे, न्यायाधीश आसनावर आहेत, परंतु इलेक्ट्रॉनिक दाखल्याचा सर्व्हर जागा नाही म्हणून नोंद नाकारतो आहे, या स्थितीला बंद म्हणावे काय, हा प्रश्न पक्षकाराच्या वाट्याला येतो, आणि त्याला डिस्क म्हणजे काय हेही बहुधा ठाऊक नसते. जामिनाची गोष्ट याहून निकडीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये आपले आदेश तुरुंगांपर्यंत इलेक्ट्रॉनिक मार्गाने तत्काळ पोहोचविण्याची व्यवस्था सुरू केली, कारण सुटकेचा हुकूम झाल्यावरही कागद पोहोचेपर्यंत माणसे आत राहत होती. जो मार्ग विलंब टाळण्यासाठी काढला, तो भरलेल्या कप्प्यामुळे अडला, तर भिंतीआडच्या माणसाला फरक काय पडला?

जागा संपण्याचे काही प्रकार फसवे असतात. डिस्कवर मोकळी जागा दिसते, तरीही फाइल तयार होत नाही, असे कधी कधी घडते. प्रत्येक फाइलसाठी एक लहान नोंदपत्रिका लागते, तिला आयनोड म्हणतात. लिनक्सच्या प्रचलित ई.एक्स.टी.-फोर पद्धतीत या पत्रिकांची संख्या कप्पा तयार करतानाच ठरते. सामान्यतः दर १६,३८४ बाइटांमागे एक असे प्रमाण असते. १०० गिगाबाइटच्या कप्प्यात अशा सुमारे ६१ लक्ष पत्रिका होतात. संकेतस्थळाला भेट देणाऱ्या प्रत्येकासाठी एखादी प्रणाली चिमुकली फाइल निर्माण करीत असेल आणि ती पुसावयाची कोणास आठवण नसेल, तर एका फाइलला कमीत कमी ४,०९६ बाइट धरूनही, पाव कप्पा भरतो न भरतो तोच पत्रिका संपतात. दप्तरखान्यात कपाटे रिकामी आहेत, पण नोंदवहीत ओळ शिल्लक नाही, असाच हा प्रकार होय.

याच्या उलट, फाइल पुसली तरी जागा सुटत नाही, असेही होते. एखादा कार्यक्रम ती फाइल उघडून बसला असेल, तर तिचे नाव यादीतून जाते, पण मजकूर तो कार्यक्रम बंद होईपर्यंत तेथेच राहतो. मोकळी जागा मोजण्यासाठी लिनक्समध्ये दोन आज्ञा आहेत. ‘डीएफ’ कप्प्याला विचारते, तर ‘डीयू’ एकेक फाइल मोजून बेरीज करते. दोघींच्या उत्तरांत मोठी तफावत आली, तर अशा नाव गेलेल्या फायलींचा संशय घ्यावा. थोडी तफावत मात्र नेहमीच असते. ई.एक्स.टी.-फोर पद्धत कप्प्याचा पाच टक्के भाग मुख्य व्यवस्थापकासाठी राखून ठेवते. रूटच्या कप्प्यावर हे योग्यच आहे, कारण संकटकाळी आत शिरून आवराआवर करण्यास तेवढी जागा लागते. पण केवळ स्कॅन केलेल्या पानांसाठी असलेल्या एक टेराबाइटच्या कप्प्यावर ५० गिगाबाइट अडवून ठेवण्यात अर्थ नाही. तेथे हे प्रमाण कमी करता येते.

सर्वांत विपरीत घटना बॅकअपच्या बाबतीत घडतात. रात्री डेटाबेसची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरविण्याची व्यवस्था असते. एके दिवशी ती डिस्क सैल तारेमुळे जोडलीच जात नाही. परंतु ज्या डिरेक्टरीवर ती जोडली जावयाची ती रिकामी डिरेक्टरी रूटच्या कप्प्यावर जागच्या जागी असतेच. प्रत करणारा कार्यक्रम निमूटपणे तिच्यातच लिहू लागतो आणि दोन-तीन रात्रींत रूट भरून सर्व्हर आडवा होतो. प्रत करण्यापूर्वी डिस्क खरोखर जोडलेली आहे की नाही हे तपासणारी एक ओळ लिहिली, तर हे टळते. त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यावर ठेवलेल्या प्रतीला बॅकअप म्हणणे ही आत्मवंचना आहे. डिस्क जळाली, तर कप्पे एकत्रच जळतात.

वाटणीचा मोठा दोष हा की, ती आगाऊ करावी लागते आणि भविष्याचा अंदाज चुकतो. ‘होम’ला दिलेले शंभर गिगाबाइट ओस पडतात आणि ‘व्हार’ गुदमरतो. यावर तोड म्हणून मोठ्या संगणकांवर आधीपासून असलेली एक कल्पना १९९८ मध्ये लिनक्सवर आली. तिचे नाव एल.व्ही.एम. तीत एक किंवा अनेक डिस्कांची जागा आधी एका सामाईक साठ्यात घालतात. या साठ्याचे बहुधा चार मेगाबाइटांचे सारखे तुकडे असतात, आणि त्यांतून हवे तेवढे तुकडे एकेका कप्प्याला देतात. तुकडे सलग असण्याचे कारण नसते. कप्पा अपुरा पडला तर साठ्यातून आणखी तुकडे द्यावेत. साठा संपला, तर नवी डिस्क आणून त्यात मिसळावी. सेवा चालू असतानाही कप्पा वाढविता येतो. कमी करणे मात्र तितके सोपे नाही. ई.एक्स.टी.-फोर असेल, तर कप्पा वृक्षापासून सोडवून घ्यावा लागतो, आणि एक्स.एफ.एस. नावाच्या पद्धतीत कप्पा लहान करण्याची व्यवहार्य सोयच नाही. म्हणून आरंभी प्रत्येकाला गरजेपुरते देऊन उरलेला साठा अस्पर्श ठेवणे हेच श्रेयस्कर. पहिल्याच दिवशी सगळी जागा वाटून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण रिकामी जागा पाहिली की ती वाया जात आहे असे वाटते.

लॉगच्या बाबतीत एक ठरीव व्यवस्था आहे. चालू नोंदवही ठरावीक काळाने, बहुधा आठवड्याने, बंद करून नवी उघडावी, जुनी संक्षिप्त करावी आणि काही आठवडे ठेवून पुसून टाकावी. हे काम लिनक्स आपण होऊन करते, मात्र किती दिवस ठेवावयाचे हे माणसाने सांगावे लागते. न्यायालयांना हा विचार नवा नाही. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत, आणि इंग्रजी अमदानीत कागदांचे ढीग एवढे वाढले की, कोणते अभिलेख केव्हा नष्ट करता येतील याचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना देणारा कायदा १९१७ मध्ये करावा लागला. हुकूमनामा आणि किरकोळ नोटिशीचे पाकीट यांचे आयुष्य सारखे नसते, हे अभिलेखपालाला तेव्हापासून माहीत आहे. त्याला सर्व्हरच्या खोलीत बोलावून घेतले, तर स्कॅन केलेली पाने, डेटाबेसच्या प्रती आणि लॉग यांचे वयोमान ठरविण्यास संगणकतज्ज्ञाहून तो अधिक उपयोगी पडेल.

उरला प्रश्न इशाऱ्याचा. कप्पा ८० टक्के भरला की सूचना यावी, अशी सर्वत्र रीत आहे, पण टक्केवारीवरून फारसे काही कळत नाही. २०० गिगाबाइटच्या कप्प्यात १६० भरले आहेत, ४० उरले आहेत. रोज दोन गिगाबाइटची भर पडत असेल, तर वीस दिवस हाती आहेत, आणि महिन्याला दोनच पडत असेल, तर वीस महिने. म्हणून दर सोमवारी भरलेली जागा एका वहीत लिहून, मागील आठवड्याशी वजाबाकी करून, उरलेल्या जागेला त्या वाढीने भागावे. जे उत्तर येईल ते किती आठवडे पुरेल याचे उत्तर होय. सरकारी कार्यालयात नव्या डिस्कची मागणी, मंजुरी, निविदा आणि पुरवठा यांना किती आठवडे लागतात, ते मागील खरेदीच्या फाइलवरून काढता येते. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीवर आला, की मागणीपत्र त्याच आठवड्यात पाठवावे.